विजयकर मॅडमचे गुरुवार

मॅडम गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑपरेशन थिएटरमध्ये होते आणि माझ्या पुढ्यात एक आजोबा मजेत घोरत होते. शेजारच्या थिएटरमधून माझ्या विद्यार्थिनीचा, सायलीचा मेसेज आला, ‘विजयकर मॅडम गेल्या. सकाळी, घरीच. चहा घेताना.’ भूल देणाऱ्या डॉक्टरला पेशंट सोडून बाहेर जाता येत नाही, अगदी रडायलासुद्धा. मी मॉनिटरवरचे आकडे बघत बसले. आजोबांचं ऑपरेशन पार पडलं, त्यांनी डोळे उघडून ‘झालं?’ असं विचारलं, आणि मग मी चेंजिंग रूममध्ये जाऊन मनसोक्त रडले. त्याला आता सहा आठवडे झाले. लिहायला बसले तर गंमत अशी, की रडू येतच नाही. मॅडमची आठवण निघाली की मला हुरूपच येतो, काय करणार!

डॉ. उषा विजयकर परळच्या आमच्या हॉस्पिटलात भूलशास्त्र शिकवायच्या. गिरगावातलं जुनं घराणं, इस्त्रीची सुती साडी, आवाज बारीक आणि नजर घारीची. मी लालबागची, चाळीत वाढलेली, तोंडाळ. रेसिडेंट म्हणून लागले तेव्हा मला एकच ध्यास होता... चान्स! एका पेशंटभोवती आम्ही चौघं घुटमळायचो. सीनियर सुई घ्यायचा आणि ज्युनियरच्या वाट्याला चिकटपट्टी कापणं. एकदा सीनियर जेवायला गेला आणि मला चान्स मिळाला. घोडपदेवचा एक ड्रायव्हर, हात मोडलेला. पूर्ण भूल न देता फक्त हात बधिर करायचा होता. त्यासाठी मानेजवळ सुई घालून मज्जातंतू शोधायचा. मी एकदा टोचलं, दोनदा टोचलं, तिसऱ्यांदा टोचलं. तो बिचारा घामाघूम होऊन मलाच धीर देत होता, “टेन्शन नका घेऊ डॉक्टर, भेटंल.” काही भेटलं नाही. शेवटी मॅडमनी सुई हातात घेतली.

मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “पहिली सुई माणसाच्या अंगात जाता कामा नये. चूक तुझी नाही, आमची आहे. उद्या गुरुवार, माझ्या घरी ये.”

गेले. मॅडम स्वयंपाकघरात पदर खोचून उभ्या होत्या आणि पातेल्यात चायना ग्रास उकळत होता. त्यात त्यांनी इसबगोल घातला. मी म्हटलं, “हे कशाला?” तर म्हणाल्या, “नुसता चायना ग्रास सोनोग्राफीत काळाभोर दिसतो. इसबगोल घातला की मांसासारखा दिसतो. बघशीलच.” मग स्टीलच्या डब्यात पाण्याने भरलेली रबरी नळी आडवी ठेवली, ती रक्तवाहिनी. भिजवलेल्या सुती दोऱ्यांची जुडी, तो मज्जातंतू. त्यावर हळूहळू मिश्रण ओतायचं. “बुडबुडे काढ गं, बुडबुडे!” असं त्या इतक्या तळमळीने ओरडत होत्या, की हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली. डबा थंड झाला की पांढरट, लदलदीत वडी तयार. खरं सांगते, तोंडाला पाणी सुटावं अशी दिसायची.

त्यापायी एकदा अनर्थ झालाच. मॅडम हॉस्पिटलात असताना घरी शेजारचे एक गृहस्थ आले. मॅडमचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणायचो, आदरातिथ्यात तत्पर. त्यांनी फ्रिज उघडला, डबा बघितला आणि खरवस समजून दोन वड्या कापून पुढे ठेवल्या. गृहस्थ इतके भिडस्त, की दोन्ही वड्या संपवून फक्त एवढंच म्हणाले, “गूळ थोडा कमी झालाय का?” नशीब, नळी आणि दोऱ्यांची जुडी उरलेल्या भागात होती. मॅडमना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशी तेच गृहस्थ पुन्हा दारात. घरात सगळे घाबरले. तर ते विचारत होते, “वहिनी, तो खरवस परत कधी करणार? बऱ्याच दिवसांनी पोट अगदी साफ झालं!”

हॉस्पिटलात सोनोग्राफीचं मशीन होतं, पण बिघडेल म्हणून कुलपात. मॅडमनी विभागप्रमुखांच्या मागे लागून ते दर गुरुवारी चार ते पाच उघडून घेतलं. पहिल्या गुरुवारी मी मशीनचा प्रोब त्या वडीवर टेकवला, सुई घातली, आणि स्क्रीनवर सुईची लखलखीत रेघ सरकत सरकत दोऱ्यांच्या जुडीपाशी पोचली. मी किंचाळलेच, “दिसली! मॅडम, दिसली!” मॅडमनी टाळ्या वाजवल्या. आम्ही पाळीपाळीने डबाभर वडीची चाळण केली. कुणाला दुखत नव्हतं, कुणाला घाई नव्हती. तो एक तास आम्हाला अख्ख्या आठवड्याला पुरायचा.

पुढे मी तिथेच लेक्चरर झाले. माझा हात चालतो, हे मी स्वतःच सांगते, लाज कसली! सर्जन मंडळी माझ्यावर खूश, कारण मी दोन मिनिटांत काम उरकायची. रेसिडेंट शेजारी उभे राहून चिकटपट्ट्या कापायचे. मॅडम निवृत्त झाल्या, तरी गुरुवारी यायच्याच. एकदा थिएटरमध्ये डोकावल्या आणि मला म्हणाल्या, “वैशाली, तुझा हात फार छान चालतो. मुलांचा कधी चालणार?” मी ताडकन म्हटलं, “सर्जन दारात उभे असतात, मॅडम. आणि पेशंटला उगाच त्रास का?” महिनाभर मी त्यांच्यावर फुगून होते. खरं तर मुलांच्या हातात सुई दिली की माझ्या जिवाची उलघाल व्हायची, हे मला कबूल करायचं नव्हतं.

गेल्या वर्षी मॅडम घरात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आमच्याकडेच आणलं. कूस बदलतानासुद्धा कळ येत होती. जांघेत औषध देऊन तिथली नस बधिर केली, की तेवढा आराम पडणार होता. मी मशीन घेऊन धावले.

“तू नको,” मॅडम म्हणाल्या. “सायली देईल.”

सायली दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“मॅडम, मी दोन मिनिटांत देते!”

“माहितीये मला. सायली, गुरुवार किती झाले गं तुझे?”

“सतरा, मॅडम.”

“आणि माणसं?”

“एकही नाही.”

“बघ, वैशाली. शिकून झालंय तिचं. चान्स कोण देणार? पेशंट मी आहे ना? मग माझी परवानगी आहे.”

सायलीने प्रोब ठेवला. आधी नुसती रक्तवाहिनीच दिसत होती. प्रोब जरा बाहेरच्या बाजूला सरकवायला हवा होता, अर्धं बोट. मी न राहवून हातमोजे चढवायला घेतले. मॅडमचे डोळे मिटलेले होते, पण रबराचा आवाज त्यांनी बरोब्बर ओळखला. “वैशाली... थांब.” मी थांबले. आयुष्यात इतकी अवघड गोष्ट मी केलेली नाही. सायलीने दोनदा श्वास घेतला, प्रोब सरकवला, सुई घातली, आणि रेघ दिसली. “दिसली, मॅडम!” ती ओरडली. वीस मिनिटांनी मॅडमच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. “आता चहा मिळेल का?” ऑपरेशनच्या आधी काही पोटात घ्यायचं नसतं, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं! ऑपरेशन छान झालं, त्या वॉकर घेऊन चालू लागल्या, आणि पुढचे आठ महिने घरून फोनवर आमची उलटतपासणी घेत राहिल्या.

त्या गेल्यानंतरच्या आठवड्यात आमच्या थिएटरमध्ये एक मावशी होत्या, हाताचं ऑपरेशन. पहिल्या वर्षाच्या मुलीचे वीस गुरुवार झाले होते. सर्जन दारातून म्हणाले, “वैशाली, तूच घे ना, लवकर आटपेल.” मी म्हटलं, “नाही सर, ती घेईल,” आणि मावशींच्या डोक्याशी होते ती उठून पायाशी जाऊन उभी राहिले. रेसिडेंट सुई घेत असला, की मॅडम नेहमी तिथेच उभ्या असायच्या, टेबलाच्या कडेला टेकून. आम्हाला वाटायचं, गुडघे दुखतात म्हणून टेकतात. त्या दिवशी तिथे उभी राहिले आणि उमगलं, तिथून आपला हात पोचतच नाही.