जबलपूरला नेलेला जड स्टँड

गाडी नर्मदेच्या पुलावर आली तशी डब्यातल्या बायकांनी खिडकीतून नाणी टाकली आणि हात जोडले. मीही जोडले. माझं मागणं एकच होतं : ट्रान्सपोर्टनं पाठवलेला लोखंडी स्टँड धड पोचलेला असू दे.

मी तासगावजवळचा. आठवीत शाळा सुटली आणि नानांच्या हाताखाली लागलो. नाना सर्व्हरच्या खोल्या उभ्या करून देण्याची कंत्राटं घेतात. वायरिंग, स्टँड, एसी, सगळं आलं त्यात. बरोबर नेहमी मिस्त्री असतो. या खेपेला मिस्त्रीच्या घरी लग्न निघालं, म्हणून नाना म्हणाले, ‘एकटा जा. जमलं तर पुढची कामं तुझीच.’ आणि नाही जमलं तर? इटारसी येईपर्यंत मी तेवढाच विचार करत होतो.

निघण्याआधी जबलपूरच्या इंजिनियर शुभांगीदीदींशी फोनवर बोललो होतो. त्यांच्याकडे इंटरनेटचा रूट सर्व्हर बसवायचा होता. रूट म्हणजे काय, बसचा असतो तसा का, असं मी भीत भीत विचारलं. त्या ऑफिसातल्या सवयीनं हिंदीत म्हणाल्या, “नहीं भैया, रूट याने जड़. जड़ सर्वर है. तो स्टँड ढंग का लाना.”

जड म्हटल्यावर मी आणखी काय विचारणार? गोदामातला सगळ्यांत भक्कम स्टँड उचलला, ज्यावर आम्ही जनरेटर ठेवतो तो.

स्टेशनवर दीदींचे वडील न्यायला आले होते. संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले देशपांडेकाका. यांची घरं इथं मराठ्यांच्या काळापासून. मी लॉज बघतो म्हणालो तर काका म्हणाले, “आपलं घर असताना लॉजमध्ये काहून राहता?” गढा नावाच्या जुन्या वस्तीत, एकमेकांना टेकून उभ्या असलेल्या घरांच्या गल्लीत त्यांचं घर आहे. काकूंनी पोहे दिले आणि वर खोवा जलेबी (खव्याची, जवळजवळ काळी दिसणारी). इतक्या लांब कुणी ‘अजून घ्या’ म्हणेल असं वाटलं नव्हतं. मी तीनदा घेतली.

दुसऱ्या दिवशी बड़ा फुहाऱ्याच्या बाजारातून चार हमाल ठरवून सर्व्हरच्या खोलीवर गेलो. ट्रान्सपोर्टनं दारात धड आणून टाकलेला स्टँड आत घेताना त्यांचा घाम निघाला. मी दीदींना म्हटलं, सर्व्हर कुठल्या गाडीतून उतरवायचा? दीदींनी टेबलावरचा पुठ्ठ्याचा खोका उघडला आणि एक चपटं यंत्र दोन्ही हातांवर घेऊन दाखवलं. लग्नातल्या मिठाईच्या डब्यापेक्षा थोडं मोठं असेल.

“ये रहा भैया.”

“पण तुम्ही जड म्हणाला होता.”

दीदी खुर्चीतच बसल्या. “अहो, जड़ म्हणजे मूळ! झाडाचं असते ना, ते.” हमालांना अर्थ कळला तेव्हा त्यांच्यातला वयस्क माणूस म्हणाला, “तो हम चारों एक-एक कोना पकड़ लें?” खोली हसली. मीही हसलो. पण एवढं लोखंड महाराष्ट्रातून इथवर आणलं, आता नानांना काय सांगू?

दुपारी काका डबा घेऊन आले. पुरी-भाजी खाता खाता त्यांनी मुलीला विचारलं, हे मूळ कोणाच्या ताब्यात असते? दीदींनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. इंटरनेटवरच्या नावांच्या शेवटी येणारं डॉट इन कुणाकडे विचारायचं, डॉट कॉम कुणाकडे, एवढीच यादी त्यात असते. तिच्या प्रती जगभर ठेवलेल्या, त्यातली एक आता इथं. यादीत काय यावं हे अनेक देशांतली माणसं मिळून ठरवतात. पूर्वी शेवटचा शब्द एका सरकारचा असायचा, आता तसं नाही. आणि यादी खरी असल्याची जी सही होते, तिची किल्ली कुणा एकाला लावता येत नाही.

“हे तर आमच्या गणपतीच्या पेटीसारखंच झालं,” काका म्हणाले. त्यांच्या मंडळाचं चांदीचं मखर ज्या पेटीत, तिला तीन कुलपं आणि किल्ल्या तीन घरी. “एका साली तिसरा किल्लीवाला रुसून बसला. गणपती मखराशिवाय बसला.”

दीदी म्हणाल्या, “म्हणूनच बाबा, तिकडे सात जणांकडे आहेत. त्यातले तीन आले की उघडते.”

काकांनी हातातली पुरी ताटलीत ठेवली. “हे आम्हाला काहून नाही सुचलं?”

जेवण झालं, ते यंत्र मी एका हातानं उचलून जागेवर बसवलं, आता चालू करायची वेळ. माझा हात बटणापाशी थांबला. माझ्या हातून चुकलं आणि अख्ख्या जबलपूरचं इंटरनेट बसलं तर?

“काहून घाबरून राहिले तुम्ही?” दीदी म्हणाल्या. “हे बंद पडलं तर दुसरी प्रत उत्तर देते. आणि यादीतलं अक्षर तुम्ही काय, मीही बदलू शकत नाही. सही जुळणार नाही.”

मी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. दीदींनी पडद्याकडे बोट केलं. ‘हे नाव कुणाकडे?’ असे शहरातले प्रश्न येऊ लागले होते.

मग त्या कोपऱ्यात गेल्या. वीज गेल्यावर लागणाऱ्या बॅटऱ्या तिथं फरशीवर, ओलीत पडलेल्या. खरंच जड. “यांना स्टँड पाहिजेच होता. बिल माझ्या नावावर टाका.” हमाल अजून बाहेर चहा पीत होते. त्यांना पुन्हा बोलावलं आणि या वेळी चौघंही लागले.

निघायच्या दिवशी काकांनी मदनमहाल किल्ल्याजवळची तोल सावरून उभी असलेली शिळा दाखवली. भली मोठी शिळा खालच्या खडकाला जेमतेम टेकलेली. कुणी धरलेलं नाही, तरी भूकंपातही हलली नाही, असं काका म्हणाले. मी तिथूनच नानांना फोन लावून सगळं सांगितलं, जड आणि जड़ सकट. पलीकडे नुसतं हसणं. शेवटी म्हणाले, “पुढचं काम भोपाळला आहे. तूच जा. पण हिंदी ऐकलंस की आधी मला विचार.”

परतताना पुलावर या वेळी मीही नाणं टाकलं. गाडीतून आईला व्हिडिओ कॉल केला. नुसतं नाव दाबलं आणि तिचा चेहरा आला. इतके दिवस हे आपोआप होतं असं वाटायचं. न भेटलेल्या किती माणसांनी एकमेकांवर लक्ष ठेवून हे चालवलंय, ते आता थोडं ठाऊक झालंय.

“काम जड गेलं नाही ना रे?” आईनं विचारलं.

“जडच होतं आई,” मी म्हणालो, “पण उचललं एका हातानं.”