इंद्राणीनं भरलेली पेटी

पेटी भरायला इंद्राणीला कुणी शिकवलं नाही, बुरशीनं शिकवलं. १९७१ साली तिचा नवरा सत्यदेव पहिल्यांदा आगालेगाला निघाला, तेव्हा तिनं लग्नातले चामडी बूट, लोकरीचा स्वेटर आणि कागदाच्या पुड्यांत मीठ-मसाला असं सगळं मोठ्या हौसेनं भरून दिलं होतं. मॉरिशसमधल्या उंचावरच्या नुव्हेल फ्रांस गावच्या गारठ्यात जन्म काढलेल्या बाईला परगाव म्हटलं की स्वेटरच सुचणार. आठ महिन्यांनी पेटी परत आली तेव्हा बुटांवर हिरवी लव होती, स्वेटर हातात घेताच फाटला, आणि मिठाचं पाणी होऊन पेटीचा तळ गंजला होता.

आगालेगा म्हणजे मॉरिशसच्या उत्तरेला बोटीनं काही दिवसांवरचं नारळाचं बेट. इथली माणसं अशा दूरच्या बेटांना नुसतं ‘झिल’ म्हणतात, आणि तिकडे जाणाऱ्या बोटीला ‘बातो’. तिथल्या हवामान खात्याच्या ठाण्यावर सत्यदेव वारा, पाऊस मोजायचा आणि आकडे बिनतारीवरून पाठवायचा. हवा अशी दमट, की सकाळी वाळत घातलेला सदरा संध्याकाळी तसाच ओला अंगात घालावा लागे.

त्या एका फटक्यानं इंद्राणी शहाणी झाली. मीठ घट्ट झाकणाच्या डब्यात, त्यात मूठभर भाजलेले तांदूळ. आगपेट्या वितळलेल्या मेणात बुडवून. कपडे सुती तेवढेच, तेही चुलीवरच्या दोरीला दोन दिवस टांगून. घड्यांत कापूर, डाळी भाजलेल्या, लोणच्यावर बोटभर तेल, अंगाच्या खाजेला गंधक घातलेलं खोबरेल. आणि सगळ्यांत खाली, ओल्या फडक्यात आणि वर प्लास्टिकमध्ये बांधलेला चिकणमातीचा गोळा. झिलवर सगळी वाळूच. चतुर्थीला गणपती घडवायचा तर माती घरामागच्या ओहोळातलीच न्यायला हवी.

सत्यदेव तिकडे वारा मोजत होता तेव्हा इकडे पंचाहत्तरच्या वादळानं त्याच्याच घरावरचे पत्रे नेले. इंद्राणीनं ते शेजाऱ्याच्या उसातून शोधून आणले. सासूचं आजारपण तिनं काढलं. वांगी, घेवडा, बाजार, लेक सुनयनाची शाळा, पुढं सुनयनाचं लग्न, सगळं तिच्याच डोक्यावर. नवरा घरी यायचा, चार महिने ओसरीत बसायचा, की पुन्हा खात्याचं पत्र दारात. “काय करनार? साहेब पाठवतो,” तो म्हणायचा. इंद्राणी साहेबाला मनसोक्त शिव्या द्यायची. पंधरा वर्षांत साहेब तीन बदलले. शिव्या त्याच राहिल्या.

१९८६ साली अकरावं पत्र आलं. ते घेऊन सत्यदेवच्या खात्यातला हरिलाल आला. सत्यदेव घरात नव्हता. इंद्राणीनं चहा दिला आणि न राहवून विचारलं, “दर खेपेला ह्यांनाच का? दुसरं मानूस नाय तुमच्याकडं?”

“भौजी, दोष तुमचाच हाय,” हरिलाल हसत म्हणाला. “मी गेलो तर दुसऱ्या महिन्यात अंग फुटतं, पोट बिघडतं, पुढच्या बातोनं परत. सत्यदेवचं काय सडत नाय, तो काय आजारी पडत नाय. अशी पेटी भरून देता तुम्ही! मग साहेब कुनाला पाठवनार?”

चहा पिऊन तो गेला. इंद्राणी मात्र जागची हलली नाही. पंधरा वर्षं जीव ओतून जे केलं, त्यानंच नवरा घराबाहेर ठेवला होता. पन्नाशी आली, गुडघे धरले, घरात बोलायला भिंती. तिला रडूही येईना, इतका कंटाळा आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पेटी भरली ती मुद्दाम वाईट भरली. मीठ कागदाच्या पुडीत. आगपेट्या तशाच. चामड्याच्या चपला, दिराचा जुना स्वेटर, अर्धवट सुकलेले सदरे. हात ऐकायला तयार नव्हते, पुन्हा पुन्हा कापराच्या डबीकडे जात होते. तिनं ती फळीवर उंच ठेवून दिली. हिशोब सोपा होता. ह्याचंही अंग फुटू दे, हाही पुढच्या बोटीनं परत येऊ दे, मग साहेबच यादीतून नाव काढील. नवऱ्याला खाज सुटावी म्हणून नवस बोलायचा तेवढा राहिला होता. मातीचा गोळा मात्र तिनं नेहमीसारखाच नीट बांधला. देवाशी वाकडं घ्यायची तिची छाती होईना.

दुपारी वस्तरा ठेवायला सत्यदेवनं पेटी उघडली. इंद्राणी उंबऱ्यात घेवडा सोलत बसली होती, तिला तिथून सगळं दिसत होतं. त्यानं मिठाची पुडी उचलून पाहिली. सदरा दाबून पाहिला. मग खालचा गोळा पाहिला, त्याच्या नीट मारलेल्या गाठी पाहिल्या. आता आवाज चढवणार, असं तिला वाटलं. तिला तो चढायलाच हवा होता.

त्यानं पेटी रिकामी केली. तव्यावर तांदूळ भाजले. मेणबत्ती वितळवून आगपेट्या एकेक करून बुडवल्या. सदरे चुलीवर टांगले. हात सराईत चालत होते, काही म्हणून विचारावं लागलं नाही. शेवटी त्यानं चुलीतले विझलेले कोळसे फडक्यात बांधून पेटीच्या चार कोपऱ्यांत ठेवले. हे इंद्राणीलाही ठाऊक नव्हतं.

ती आत आली. “तुमाला येतं की सगळं.”

“येतं,” सत्यदेव म्हणाला.

“कोळसा कुनी शिकवला?”

“झिलवर शिकलो. लय वरसं झाली.”

इंद्राणी खाटेवर टेकली. ही पेटी कुणी नाइलाजानं जाणारा माणूस भरत नव्हता, हे तिला आता स्वच्छ दिसत होतं. “साहेब पाठवतो म्हनायचात.”

“साहेब दर खेपेला विचारतो,” तो पेटीकडे बघत म्हणाला. “मी हो म्हनतो.”

“आन् मी त्यांना शिव्या देते. तीन तीन साहेबांना!”

तो ओशाळला. मग बोलला तेही खाली मान घालून. “हितं मी पावना हाय, इंद्राणी. आई गेली, घरावरचं पत्रं उडालं, पोरीचं लगीन झालं, सगळं तू निस्तरलंस. हितं कायबी करायला गेलो की तू आधीच केलेलं असतं. तितं मला समदं ठावं असतं.”

तिला फार राग आला, आणि त्याच्यापेक्षा जास्त थकवा आला. तुम्ही नव्हता म्हणून मी केलं, एवढं तरी सुनावावं असं वाटलं. पण ते त्यालाही कळत होतं. “मो फातिगे,” ती क्रेओलमध्ये म्हणाली. “दमले मी आता.”

सत्यदेवनं झाकण लावलं, कड्या घातल्या आणि सवयीनं विचारलं, “बांधायची दोरी कुठं हाय?”

तिचे पाय सवयीनं उठायला निघाले. तिनं ते पुन्हा खाली टेकवले.

“शोधा,” ती म्हणाली. “घर तुमचंच हाय.”

त्यानं पहिलं कपाट उघडलं, त्यात तिच्या साड्या होत्या.