काळीच्या गळ्यातली तिसरी काठी

अगं, जरा निवांत बस. फोनवर सांगायला लागले की तुझा कुकर वाजतो आणि "ठेवते आई" म्हणून मोकळी होतेस. गेवराईत तुला एकटीलाच संसार हाय का? म्हणून आता लिहूनच सांगते, ऐक.

शेळी विकून टाक, हे तुझं नेहमीचंच. पण तुझे अण्णा गेल्यापासून इथं पाली गावातल्या घरात हाक मारली की वळून बघणारी काळी एकटीच. आणि ती रोज तारेतून घुसून शेजाऱ्याचा हरभरा खायची. परवा तो दारात येऊन उभा राहिला.

"काकू, आता दिसली की कोंडवाड्यात घालतो. मग म्हणू नका, कावून घातली."

"अरे, सांगितलेलं ऐकते ती."

"तुमचं ऐकत असती तर तुमच्याच दारात राहिली असती की!"

खोटं काय बोलला? शेळी घुसू नये म्हणून गळ्यात तीन काठ्यांचा त्रिकोण बांधतात, काठ्यांची बाहेर आलेली टोकं तारेला अडतात. ते काम अण्णांचं. मी नुसती सुतळी पुढं करायची. माळ्यावर त्यांच्या दोन काठ्या सापडल्या, सुतळी बसायला खाचा पाडलेल्या. तिसरी वाळवीनं खाल्लेली, हातात घेतली तर भुगा झाला.

खाचेपासून खाचेपर्यंत एक काठी दोन मुठी भरली, दुसरी तीन. तिसरी केवढी असेल? म्हटलं, मोठीच बरी. नव्या बांबूवर पाच मुठींवर खाचा पाडल्या. बांधायला गेले तर दोन्ही काठ्या मोठीवर सपाट निजल्या. मान कसली, बोटसुद्धा आत जाईना. मग चिडून एकाच मुठीवर खाच पाडली. तरी तेच! आता एक आणि दोन मिळून तीनवर निजल्या. मला लई हसू आलं. हसून मागं बघितलं, तर अंगणात कोणीच नाही.

मग डोक्यात शिरलं. कोणत्याही दोन मिळून तिसरीपेक्षा जास्तच भरायला पाहिजेत, बरोबरीनं भागत नाही. म्हणजे तिसरी एका मुठीपेक्षा मोठी आणि पाचांपेक्षा लहान. पण त्याच्या मधली कुठलीही चालते गं. दोन, अडीच, साडेचारसुद्धा. अण्णांची कोणती होती, ते आता कुणाला विचारू? शेवटी काळीच्या मानेचा अंदाज घेतला आणि तीन मुठी धरल्या.

दोन गाठी जमिनीवर बसल्या. तिसरी गळ्याभोवती मारायची, तिथं दुसरं माणूस लागतं. शेळी गुडघ्यांत दाबली, एका हातानं काठ्या धरल्या, सुतळी दातांनी ओढली.

दुसऱ्या दिवशी काळी तारेला जाऊन अडली. शेजारी लांबूनच ओरडला, "जमलं की काकू!"

जमलं. कोंडवाडा टळला. पण संध्याकाळी ती नेहमीसारखी माझ्या बाजेपाशी यायला निघाली आणि काठ्या चौकटीला अडल्या. आत येईना, नुसती ओरडत राहिली. सोडावं तर सकाळी एकटीनं पुन्हा कशी बांधू? मग मीच बाज बाहेर ओढली.

या रविवारी ये. एक गाठ तू धर, म्हणजे रात्रीपुरती तिला सोडता येईल. पोरांनाही आण. लवकर ये गं.