माझी शिंक, लिंबाजीचं नाक

माझ्या फजित्या तुम्हाला पाठ असतील. तालुकदारसाहेब समजून त्यांच्या खानसाम्याला वाकून वाकून सलाम ठोकले ती, सासुरवाडीला पहिल्याच दिवशी गोठ्याच्या दारातून घरात शिरलो ती — पारावर बसून मीच सांगितलेल्या, मीच आधी हसलेल्या. एक मात्र आतच राहिली. बायकोलाही नाही सांगितली. आणि बायकोला मी बहुतेक सगळं सांगत आलो, कारण ती कुठून ना कुठून ऐकणारच असते. ही तिला कुठूनच कळण्यासारखी नव्हती.

कशी सांगू? शिंकेपासूनच धरतो.

आमच्याकडं शिंकेचा मान मोठा. बाजाराला निघालेल्याच्या मागं कुणी शिंकलं, की तो गाडीतून खाली उतरतो, घटकाभर टेकतो, पाणी पितो आणि मग निघतो. तिफण धरताना शिंक आली तर बैल सोडतात. आता अशा गावात सकाळपासून शिंकणाऱ्या माणसाचं काय होत असेल?

तो माणूस म्हणजे लिंबाजी. माझ्याच वयाचा, आमच्याच आळीतला. निजामाच्या पलटणीत भरती झाला आणि मोठ्या लढाईत दर्यापार गेला. त्याच्या वाट्याला बंदूक कमी आणि खेचरं जास्त आली. खेचरांच्या चाऱ्याच्या कोठारावर त्याला ठेवलं होतं. कोंदट जागा, बुरशी धरलेलं गवत, भुशाचा धुरळा. तिथून तो हातापायानं धड परत आला, पण नाक कायमचं बिघडवून. धूळ उडाली की शिंका सुरू. डोळे लाल, नाकातून पाणी, छातीत सूं सूं. पलटणीच्या डॉक्टरानं सांगितलं, धुळीचं वावडं आहे, जन्मभर राहील.

शेतकऱ्याला धुळीचं वावडं. हसू येतं ना? मलाही यायचं.

भरतीच्या आधी हाच लिंबाजी सुगीत खळ्यावर पहिला असायचा. तिवईवर चढून ज्वारी उपणायचा, सगळं भुसकट अंगावर घेत, वर मोठ्यानं गात. आता खळ्याच्या वाऱ्यालाही त्याला उभं राहवेना. त्याचा थोरला भाऊ म्हणायचा, "सरकारनं आमचा गडी नेला अन् शिंकणी धाडून दिली." बाजारच्या दिवशी लोक आधी आळीत डोकावून बघत — लिंबाजी दारात नाही ना? मग गाडी जुंपत.

त्यानं पेन्शनीसाठी अर्ज केला होता. जबाब आला, नाकाची तक्रार नोकरीत झाल्याचं दिसत नाही. पुन्हा दाद मागायची सोय होती, पण भरतीआधी हा माणूस निरोगी होता असं सांगणारी गावची माणसं परभणीला साहेबांपुढं उभी करायची. एक आमचे म्हातारे पाटील, आणि दुसरा मी. मी शाळेत मास्तर, उर्दू बोलणारा, वर बोलका. लिंबाजी मला म्हणाला, "मास्तर, मला लय नगं. सुगीच्या दिसात घरात बसता आलं तर बास."

एवढंच त्याचं मागणं होतं. ते ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

मी मागून आणलेली शेरवानी घालून गेलो. लिंबाजीला बाहेर लिंबाखाली बसवलं होतं. आत तीन साहेब, दुपारची जेवणं झालेली, डोळे जड. पाटील काय पुटपुटले ते पाटलांनाही कळलं नसावं. मग मी. पहिल्या सवालाला मी खरं तेच सांगितलं — भरतीआधी याला शिंका नव्हत्या हुजूर, खळ्यावर आमच्यापेक्षा जास्त धूळ खायचा. पेशकारानं लिहून घेतलं. तिथं थांबलो असतो तर? जीभ तोंडात घालून परत आलो असतो तर?

मोठे साहेब जांभई आवरत म्हणाले, तुम्ही गाववाले शिंकेला फार भिता म्हणे. सहज म्हणाले. आणि माझ्यासारख्याला एवढं पुरतं.

माझ्याजवळ शिंकेची एक पक्की गोष्ट होती, अगदी खरी. एका पोरानं चुलत्याच्या डबीतली तपकीर चोरून ओढली आणि आत्याच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत शिंकायला लागला. भटजींचा श्लोक अडला. अंतरपाट धरणाऱ्यानं दचकून एक टोक सोडलं, नवऱ्या मुलाला मुहूर्ताआधीच नवरी दिसली. वराचा मामा उठला, म्हणाला अपशकुन झाला, पुढचा मुहूर्त धरा. पंगतीची पानं तशीच मांडलेली, वरण गार, आणि पोरगं मांडवाच्या खांबाला धरून शिंकतंय.

तो पोरगा मी. आमच्या घरात अजून कुणी ते मला विसरू दिलेलं नाही.

साहेब पुढं झुकले. झोप उडाली. कोण होता तो पोरगा, त्यांनी विचारलं. आता बघा — अंगावर शेरवानी, समोर तीन साहेब, मी सरकारी मास्तर. तपकिरीचा चोर मी, असं म्हणायचं? इतर वेळी स्वतःवर हसणं मला जड जात नाही. पण हसणारे आपल्यापेक्षा मोठे असले की जड जातं, हे मला त्या दिवशी कळलं. मी खिडकीतून लिंबाखाली बोट दाखवलं. म्हणालो, हाच की हुजूर. याचं नाक पंचक्रोशीत मशहूर. तपकीर मी गाळली. तपकीर ठेवली असती, तरी कदाचित निभावलं असतं.

काय हसले साहेब. एकानं डोळे पुसले. पेशकारही हसला, आणि हसता हसता त्याची लेखणी पुन्हा चालू झाली. ती चालताना मी पाहिली. मोठे साहेब म्हणाले, "तो ये पुरानी बीमारी है."

तोंड उघडं होतं माझं. एक वाक्य बोलायचं होतं. हुजूर, तो पोरगा मी. त्यांनी पानाचा डबा पुढं सरकवला. मी विडा घेतला. चांगला रंगला.

बाहेर आलो तर लिंबाजी उठून उभा. "मास्तर, सायब लय हसायलते की आत. झालं म्हनायचं आपलं काम?"

"साहेब खूष आहेत," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.

निकाल विचारायला पुन्हा मीच गेलो. नामंजूर. का नामंजूर, तेही सांगितलं त्यांनी. गावात येऊन मी लिंबाजीला नामंजूर एवढंच सांगितलं, का ते नाही. तो म्हणाला, "तुमी तर लय केलं."

भावानं वाटणी करून दिली. त्या तुकड्यावर भागेना, तेव्हा लिंबाजी मानवतला गेला, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात. धुळीचं वावडं असलेला माणूस. तिथं हवेतही कापूस असतो. तोंडाला फडकं बांधून तो तिथं राबला. निजामी गेली, तरी तो तिथंच. सणाला गावी आला की पारावर माझ्याशेजारी बसायचा आणि धापा टाकत पोरांना सांगायचा, मास्तरांनी माझ्यासाठी परभणीला साहेबाला हसवलं होतं.

तेव्हापासून मी प्रत्येक गोष्ट माझ्याच नावावर सांगतो. दुसऱ्यांच्याही. लोक म्हणतात, मास्तर दिलदार आहेत.

माझ्या मुलीचं लग्न निघालं. लिंबाजीला बोलावणं धाडलं. न धाडून कसं चालेल? मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मी मान वर करून शोधलं. तो मांडवात नव्हता. लांब, सोडलेल्या गाड्यांच्या पलीकडं उभा होता, नाकावर धोतराचा सोगा दाबून. माझ्या लेकीच्या मुहूर्ताला त्याची शिंक लागू नये म्हणून. कुणाच्याच लग्नात तो कधी शिंकला नव्हता.

तिथूनच त्यानं अक्षता टाकल्या. त्या मांडवापर्यंत पोचल्या नाहीत. मी त्याला आत बोलावलं नाही.