शहाडला बाबांनी धरलेला माणूस

साधा माणूस पेटून उठतो आणि गुंडांना एकेक करून संपवतो, असा सिनेमा टीव्हीवर लागला की बाबा उठून गॅलरीत जातात. का, ते मला ठाऊक आहे.

कोपरीच्या बाजारातून येताना आईचं मंगळसूत्र एका बाइकवाल्याने खेचलं. ते तुटेना, म्हणून तीही फरफटत गेली. खुब्याचं हाड मोडलं. पडल्यापडल्या तिने दोनच गोष्टी पाहिल्या होत्या. मडगार्डला गुंडाळलेली हिरवी चिकटपट्टी, आणि त्या माणसाची फाटलेली कानाची पाळी. चौकीत बाबांना दर वेळी तेच उत्तर, "काका, तपास चालू आहे."

बाबा कारखान्यात फिटर होते, तेव्हा नुकतेच रिटायर झालेले. ते रोज दुपारी पिशवी घेऊन बाहेर पडायला लागले. विचारलं तर म्हणायचे, "पाय मोकळे करून येतो." एकदा मी ती पिशवी उचलली, तर जड लागली. आत मोठा लोखंडी पाना होता. त्या दुपारी मी त्यांच्या मागोमाग निघाले.

लोकलने ते शहाडला उतरले आणि स्टेशनबाहेर उभ्या बाइकच्या मागे वाकून वाकून बघू लागले. एका पंक्चरवाल्यापाशी थबकले. हिरवी पट्टी! शेजारी चहा पीत उभा असलेला माणूस वळला आणि मला त्याचा कान दिसला.

बाबांनी आधी बाइकची चावी काढून घेतली. मग पाना काढला.

"कोपरीला बाईला फरफटत नेलंस ना?"

तो पळायला गेला, तशी बाबांनी कॉलर धरली. हात वर गेला.

"बाबा, नको!" मी किंचाळले.

हात वरच थांबला. पण तोवर "चोर, चोर" करत माणसं धावली होती. लाथाबुक्क्या सुरू झाल्या. कुणीतरी पेव्हर ब्लॉक उचलला. तो माणूस "काका, बचाओ" म्हणत बाबांच्याच पायांना बिलगला.

बाबा त्याच्या अंगावर आडवे पडले. "मारू नका रे! हा मेला तर कोर्टात कोण उभं राहणार?"

दोन-चार लाथा त्यांनाही बसल्या. मी पोलिसांना फोन लावला.

पुढे आई वॉकर धरून ठाण्याच्या कोर्टात उभी राहिली. तिने त्याला ओळखलं. त्याला शिक्षा झाली. मंगळसूत्र काही मिळालं नाही.

कोर्टातून परतताना मी हळूच विचारलं, "बाबा, मी ओरडले नसते तर?"

त्यांनी आईचा वॉकर रिक्षात ठेवला.

"माहीत नाही," म्हणाले.