घसा बसला आणि बँड बदलला

सुरुवातीला आम्ही फार मोठ्यानं वाजवायचो. बेळगावच्या वडगावात आमच्या पुढच्या खोलीत वडिलांचे विणकामाचे दोन माग होते आणि मागच्या खोलीत आम्ही तिघं. मी गिटारवर, येळ्ळूरचा माझा वर्गमित्र ड्रमवर, आणि गायला निपाणीची मैत्रीण. ती बेळगावात एका शाळेत शिकवायची. मागांच्या खडखडाटावर आवाज चढवायचा, एवढंच आमचं संगीत होतं.

आठवडाभर वर्गात आणि रविवारी आमच्याकडं ओरडून तिचा घसा बसला. स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी महिनाभर बोलणं बंद करायला सांगितलं आणि पुढंही जोरात गायचं नाही असं बजावलं. ती आमच्या घरी आली, वहीत लिहून आमच्यापुढं धरलं : ‘दुसरी बघा.’

ड्रमवाल्यानं ते वाचलं आणि वही मिटून तिला परत दिली. “दुसरी कशाला बघायची, आक्का? आम्हीच हळू वाजवतो की.”

पुढच्या रविवारी त्यानं आईचं जुनं लुगडं आणून ड्रमवर पसरलं. मी गिटारला जोडायला एक जुना इको पेडल घेतला. एक तार छेडली तरी सूर बराच वेळ खोलीत रेंगाळायचा. वडिलांनी आपणहून रविवारी दुपारी माग बंद ठेवायला सुरुवात केली. ती नुसती बसून ऐकायची.

महिन्यानं ती माईकला ओठ लावून गुणगुणली. अर्ध्या ओळी मराठी, अर्ध्या कन्नड, आणि इकोत सगळे शब्द एकमेकांत मिसळलेले. मी फोनवर रेकॉर्ड करून ऐकवलं. तिनं दोनदा ऐकलं. “ही मीच हाय व्हय?” एवढंच म्हणाली आणि डोळे पुसले.

असल्या संथ, धूसर गाण्याला ड्रीम पॉप म्हणतात, हे आम्हाला चिकोडीच्या एका कॉलेजातल्या मुलीनं ते रेकॉर्डिंग ऐकून सांगितलं. तोवर आम्हाला वाटत होतं, आम्ही निभावून नेतोय.

पहिला कार्यक्रम निपाणीत, एका छोट्या हॉलमध्ये झाला. मागून कुणीतरी ओरडलं, “आवाज वाढवा रं!” माझा हात आवाजाच्या बटणाकडं गेला. तिनं मान हलवली, न्हाय. गात राहिली. जरा वेळानं खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. मागची माणसं खुर्च्या ओढत पुढं येत होती.

संपल्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिला थांबवलं. “बाळ, हे मराठी का कन्नड?”

“दोन्ही, आजोबा.”

“मग बरोबर. मला वाटलं, कानच गेले माझे.”

आता आमची सात गाणी आहेत. ती अर्ध्या तासाच्या वर गात नाही. अर्धा तास झाला की ड्रमवाला स्वतःच उठतो आणि चहा टाकायला सांगतो.