सुतकातली तामील

मध्य भारताचा मध्य प्रदेश झाला त्या वर्षी, पावसाळा संपता संपता, आम्ही आमचे राहते घर रिकामे करून द्यावे असा निकाल उज्जैनच्या दिवाणी अदालतीने दिला. निकाल एकतर्फी होता. दावा पुकारला गेला तेव्हा वडील शाळेत भूगोलाचा तास घेत होते. तारीख त्यांना ठाऊक होती. तरी ते गेले नाहीत, आणि न जाण्यात काही चुकते आहे असे घरात कोणालाच वाटले नाही.

घर आमच्या खापरपणजोबांना एका सरदार घराण्याने चाकरीबद्दल दिले होते. संस्थान विलीन झाल्यावर त्या घराण्याच्या वारसांनी आपली मालमत्ता विकायला काढली. त्यात आमचेही घर एका कापड व्यापाऱ्याने विकत घेतले. त्याचे म्हणणे असे की आम्ही तिथे फक्त परवानगीने राहत होतो. वडिलांचे म्हणणे, घर कायमचे दिलेले होते. रामघाटावरचे एक वृद्ध उपाध्याय तशी साक्ष द्यायला तयार होते. व्यापाऱ्याने दावा लावला.

समन्स घेऊन अदालतीचा चपराशी आला तेव्हा आजी जाऊन चार दिवस झाले होते. मी कॉलेजात होतो. त्या दुपारी घरीच होतो. वडील डोके भादरून बाहेरच्या खोलीत घोंगडीवर बसले होते. चपराशी नवा होता, दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेला.

“मास्टरसाब, समन है. दस्तख़त कर दीजिए.”

“घर में सूतक है,” वडील म्हणाले. “अभी लेना-देना नहीं. तेरहवीं के बाद आइए.”

“मेरी नौकरी तेरहवीं नहीं देखती.”

“पहलेवाले तो देखते थे.”

“पहलेवाले राजा के थे, मास्टरसाब.”

आत्या आतून म्हणाली, “आमच्या हातचं पाणी सध्या कोणी घेत नाही, आणि हा सही घ्यायला आलाय!”

वडील हसले. चपराशीही थोडा हसला. मग त्याने गल्लीतल्या दोन दुकानदारांना बोलावले, त्यांच्यासमोर समन्सची नक्कल लेई लावून आमच्या दारावर चिकटवली, हात जोडले आणि गेला.

वडिलांनी बाहेर जाऊन तो कागद उभ्याने वाचला. तारीख तेराव्याच्या पुढच्या आठवड्यातली होती. आत येऊन ते आत्याला म्हणाले, “दारावर लावला म्हणजे दिला नव्हे. आपण घेतलेलाच नाही. सुतक फिटलं की तो परत येईल, नवी तारीख आणील.”

यात त्यांना शंका नव्हती. संस्थानी काळात समन्स घेऊन येणारे दारातूनच विचारत, घरात काही नाही ना. आणि असेल तर तेराव्यानंतर येत, असे वडील सांगत. त्यांच्या वडिलांच्या वेळी हे आमच्याच दारात घडले होते. सुतकात घेणे नाही, देणे नाही. न घेतलेला कागद लागू कसा होईल?

सुतक फिटले त्या दिवशी आत्याने सगळे घर सारवले, दार धुतले. कागद दाराबरोबर धुतला गेला. तेराव्यानंतर वडील काही दिवस शाळेतून थेट घरी येत होते, चपराशी येऊन परत जाऊ नये म्हणून. तो आला नाही. तारीख गेली.

निकाल आम्हाला रामघाटावर कळला. आजीचे मासिक होते. वडील ओल्या धोतराने घाटाच्या खालच्या पायरीवर उभे होते. पिंड नुकताच पाण्यात सोडला होता. आमच्या गल्लीतले एक वकील स्नान करून वर येत होते. ते थांबले.

“मास्तर, तुम्ही तारखेला आला नाहीत?”

“तारीख लागलीच कुठे? मी समन्स घेतलं नव्हतं.”

वकिलांनी पंचा खांद्यावरून काढून हातात घेतला. “अहो, घेतलं नाहीत म्हणूनच तामील झाली. समोर आलेला कागद नाकारला, तो दाराला चिकटवला, दोन साक्षीदार उभे केले. कायद्याने तो तुम्हाला मिळाला. तुमच्यावर एकतर्फी झालंय.”

“एकतर्फी म्हणजे आमचं म्हणणं खोटं ठरलं?”

“खोटं कसं ठरेल? ते कोणी ऐकलंच नाही. एकतर्फी म्हणजे तेवढंच. पण घर त्याचं झालं.”

उपाध्यायांनी दक्षिणेसाठी हात पुढे केला होता. वडिलांना तो दिसत नव्हता. दक्षिणा मी दिली. साक्ष द्यायला तयार असलेले उपाध्याय हेच. त्यांनी वकिलांना दोनदा विचारले, “पण मला तर कोणी बोलावलंच नाही?” घरी येईपर्यंत वडिलांचे धोतर अंगावरच वाळले. कोरडे नेसायचे त्यांना सुचले नाही, आम्हालाही नाही.

एकतर्फी निकाल फिरवून घेता येतो, असे वकिलांनी संध्याकाळी घरी येऊन सांगितले. समन्स मिळालेच नाही किंवा सबळ कारणाने हजर राहता आले नाही, एवढे अदालतीला पटले की दावा पुन्हा पहिल्यापासून चालतो. मग उपाध्यायांची साक्ष होईल, घर वाचेल.

“सांगा, त्या दुपारी घाटावर होतो, अस्थींसाठी. दारावरचा कागद पाहिला नाही.”

“मी घरी होतो.”

“मला ठाऊक आहे, मास्तर. चपराशालाही ठाऊक आहे. पण दुकानदारांनी फक्त कागद लावताना पाहिलं; बाकी तो एक आणि तुम्ही एक.”

“एवढं बोल, दादा,” आत्या म्हणाली. “आईच्या घरासाठी बोल. हरिश्चंद्राला निदान राज्य तरी होतं घालवायला.”

वडिलांनी अर्जात सुतक लिहायला लावले, दुसरे काही नाही. सुतक हेच सबळ कारण आहे, आणि हाकिमाच्या घरीही सुतक पाळत असतील, असे ते म्हणाले.

सुनावणीला मी मागच्या बाकावर होतो. हाकिमांचा आवाज चढलेला नव्हता.

“चपरासी आया, तब आप घर पर थे?”

“जी. सूतक में बैठा था.”

“समन लेने से इनकार किया?”

“तेरहवीं के बाद आने को कहा.”

“इनकार किया या नहीं?”

“किया.”

“दरवाज़े पर तारीख़ पढ़ी थी?”

“पढ़ी थी.”

“तारीख़ के दिन सूतक था?”

“जी नहीं. उतर चुका था.”

वकिलांनी मान खाली घातली. समन्सची तामील रीतसर झाली, हजर न राहण्याचे कारण पुरेसे नाही, अर्ज नामंजूर, असा हुकूम त्याच दिवशी झाला. बाहेर वऱ्हांड्यात वडिलांनी वकिलांना विचारले, “उपाध्यायांना आता कधी बोलावतील?” वकिलांनी त्यांना पुन्हा सगळे समजावून सांगितले. वडिलांनी ऐकून घेतले आणि तेच पुन्हा विचारले. वरच्या अदालतीत जाण्याचा विषय वकिलांनी नंतर दोनदा काढला. वडिलांनी वकालतनाम्यावर सही केली नाही.

ताबा घ्यायला व्यापाऱ्याचा मुनीम आला. बरोबर तोच चपराशी होता. तो उंबऱ्याबाहेर थांबला.

“मास्टरसाब, घर में कुछ है तो नहीं?”

“नाही,” वडील मराठीतच म्हणाले, आणि हात पुढे केला. चपराशाने कागद दिला. वडिलांनी तो दाराला टेकवून त्यावर सही केली.

सामान दोन टांग्यांत गेले. दाराला कुलूप मुनीमाने लावले. आजीचे वर्षश्राद्ध टावर चौकामागच्या भाड्याच्या खोल्यांत झाले.